पावतीच्या पाठीवर

सौदे आटोपले की मार्केट यार्डात
अकरा नंबरच्या गाळ्यापुढं
आमची निवड समिती भरते.
आदगोंडा हमालांचा मुकादम, बशीर मोमीन काट्यावरचा,
उपाध्ये सर, शाळेत गणित शिकवायचे,
आणि मी, हळदीच्या पेढीवरचा दिवाणजी.
जिल्ह्याकडून सामने सहा, विकेटा अकरा.
समितीत खेळलेला मी एकटाच.

दौरा जूनमध्ये. इंग्लंड. पाच कसोट्या.
आमच्यातलं कुणी बेळगावच्या पलीकडं गेलेलं नाही.
तिथं ऊन कसं पडतं, बशीरनं विचारलं.
‘पडतच नाही,’ सर म्हणाले, ‘मुद्दा तोच आहे.’

मी पावती उलटी केली.
पाठीवर माझाच पिवळा अंगठा उमटलेला.
पहिला : नवा चेंडू बाहेर काढणारा. वाद नाही.
दुसरा : तोच चेंडू आत आणणारा. यावरही नाही.
तिसऱ्याला बशीरनं कप खाली ठेवला.
‘उंच पाहिजे. टप्प्यावरनं छातीला येणारा.
आपल्याकडची ताडमाड पोरं
ट्रकवर क्लीनर होतात,
त्यांच्या हातात कुणी चेंडू दिला नाही,
पाना दिला.’
मी लिहिलं : उंच.
चौथा, सर म्हणाले, जुन्या चेंडूचा,
पंचावन्न षटकांनंतर ज्याला भूक लागते असा.

‘मग चौघंबी वेगवान?’ आदगोंडा उठून बसला.
‘सगळी वजनं एकाच पारड्यात
टाकल्यावर काटा बसंल कसा?’

मी बोललो नाही.
मला पाच सालच्या पुरानंतरचं मैदान दिसत होतं.
वीतभर गाळ खरवडून काढला होता आम्ही,
उरला त्यावर असं गवत आलं
की खेळपट्टी कुठली ते शिपायाला विचारावं लागलं.
सामना आष्ट्याशी.
मी डावखुरा फिरकी. बोटं सोलेपर्यंत पीळ भरायचो,
आणि चेंडू सासुरवाडीला आलेल्या नव्या जावयासारखा
मान खाली घालून सरळ जायचा.
कप्तान म्हणाला, तू नदीच्या टोकाकडनं टाक.
नदीच्या टोकाकडनं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर.
वरच्या बाजूनं आमचे तिघं आलटून पालटून धावत येत,
पाठीला वारा, समोर भेदरलेलं आष्टा.
खालनं मी.
एकवीस षटकं, बारा निर्धाव, चौतीस धावा.
पुढचा रकाना शून्य.
ते दम खात होते
आणि मी वारा खात होतो.

वडील रुमालाखाली भाव करायचे.
बोटांनी बोटं धरायची, तोंडानं पावसापाण्याचं बोलायचं.
काय ठरलं ते दोघांनाच कळायचं,
भोवतीच्या पन्नासांना फक्त कापड हललेलं दिसायचं.
त्या दिवशी स्कोअरबुकात माझं तसंच झालं.
पुढच्या सामन्याला मी बारावा होतो.
पाण्याची किटली जड होती एवढं आठवतं.

‘पाचवा सांगा,’ सर म्हणाले,
‘फिरकी घ्यायचा का बॅट धरणारा?
दिवाणजी, तुम्ही तर फिरकीवाले.’
मी म्हटलं, ते नंतर.
आधी सांगा, वाऱ्याच्या तोंडावर कोण टाकणार?
बशीरनं काट्याकडं पाहिलं. आदगोंडानं तंबाखू मळली.
सरांनी हिशेब मांडावा तसं हवेत बोट फिरवलं
आणि पुसून टाकलं.

तेवढ्यात कडेगावचा माणूस आला,
हातात रिकामी पिशवी, गाडीची घाई.
‘पावती झाली का हो?’
मी शिक्का मारला, सही केली, दिली.
तो फाटकाबाहेर गेल्यावर ध्यानात आलं.

साडेपाचच्या एसटीत
कुणाच्या तरी सदऱ्याच्या खिशात
नऊ क्विंटल वीस किलोच्या पाठीला पाठ लावून
इंग्लंडचा दौरा निघाला होता.
चौघांची नावंही नव्हती, नुसती कामं.
पाचव्यापुढं आकडा,
आकड्यापुढं टिंब.